एक कमी चाळीस

करिंथ या ग्रीक शहरातल्या मंडळीला, म्हणजे येशूच्या अनुयायांच्या समुदायाला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, या अनुयायांचा आधी छळ करून मग येशूचाच प्रेषित झालेला यहुदी पौल आपल्या पाठीवरच्या वळांची मोजदाद करतो. यहुद्यांच्या हातून पाच वेळा एकोणचाळीस फटके. तीनदा काठ्यांचा मार, एकदा दगडमार. तीनदा गलबत फुटलं. एक रात्र आणि एक दिवस खोल समुद्रात. पहिल्या आकड्यासाठी मूळ ग्रीकमध्ये 'एक कमी चाळीस' असे शब्द आहेत. मराठीला यासाठी वेगळं काही करावं लागत नाही, कारण एकोणचाळीस म्हणजे एक उणा चाळीसच. पण पौलाच्या जगात यामागे कायदा होता. मोशेच्या नियमशास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय सांगतो, की अपराध्याला चाळीसपर्यंतच फटके मारावेत. त्याहून जास्त मारले तर तुझा भाऊ तुझ्या नजरेत हलका ठरेल. मोजताना चूक झाली तर मारणाराच कायदा मोडेल, म्हणून एक फटका आधीच सोडून द्यायचा.

इ.स. 200च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात, म्हणजे यहुदी रब्बींच्या नियमसंग्रहात, या शिक्षेची सगळी रीत नोंदवलेली आहे. हात खांबाला बांधायचे. वासराच्या कातड्याचा पट्टा वापरायचा. एक तृतीयांश फटके छातीवर, दोन तृतीयांश पाठीवर. सोसण्याइतकी ताकद नसेल तर आकडा कमी करायचा, पण तो तिनाने भागला गेला पाहिजे. तिथेच एका रब्बींचं मत दिलं आहे: फटके खाऊन झाले की तो पुन्हा तुझा भाऊ.

पौलाने हे पाच वेळा सोसलं, म्हणजे 195 फटके. हा आकडा मनात ठेवूनच त्याच्या तथाकथित धर्मांतराकडे पाहावं, असं मला ठामपणे वाटतं. सभास्थानाची शिक्षा सभास्थानातल्या माणसालाच होते. जो बाहेर पडला त्याच्यावर ती चालत नाही. त्याने फक्त यायचं थांबवायचं असतं. पौल यायचा थांबला नाही. खांबाला हात बांधून घेणारा माणूस, मारणाऱ्यांचा आपल्यावर अधिकार आहे हे मान्य करत असतो.

मराठीत 'धर्मांतर' हा वजनदार शब्द आहे. तो उच्चारला की 1895 साली बाप्तिस्मा घेणारे नारायण वामन टिळक आठवतात, 14 ऑक्टोबर 1956चं नागपूर आठवतं. तिथे काय सोडायचं आणि काय स्वीकारायचं हे माणसांना ठाऊक होतं. दोन्ही बाजूंना नावं होती. पौलाची गोष्ट 'प्रेषितांची कृत्ये' या नव्या करारातल्या पुस्तकात येते: येशूच्या अनुयायांना पकडायला दिमिष्काला, म्हणजे दमास्कसला, निघालेल्या शौलाला, म्हणजेच पौलाला, वाटेत प्रकाशातून येशूची हाक आली, तो तीन दिवस आंधळा राहिला आणि हनन्या नावाच्या शिष्याने हात ठेवल्यावर त्याला पुन्हा दिसू लागलं. त्या दिमिष्काच्या वाटेवर दुसऱ्या बाजूला नावच नव्हतं. 'ख्रिस्ती' हा शब्द याच पुस्तकानुसार पुढे सिरियातल्या अंत्युखिया शहरात पहिल्यांदा वापरला गेला, आणि पौलाच्या नावावरच्या तेरा पत्रांत तो एकदाही येत नाही. स्वतःच्या अनुभवासाठी तो 'पाचारण' हा शब्द वापरतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्राच्या पहिल्या अध्यायात तो म्हणतो, की देवाने मला आईच्या उदरात असतानाच वेगळं केलं आणि आपल्या कृपेने बोलावलं. यिर्मया आणि यशया यांच्या पाचारणाची भाषा त्याने इथे जाणीवपूर्वक उचलली आहे. कॅथलिक परंपरेत 25 जानेवारीच्या सणाला 'परिवर्तन' म्हणतात. तो शब्द 'धर्मांतरा'पेक्षा बराच जवळचा आहे.

ही गोष्ट वाचताना ज्या चुका होतात, त्यांतल्या दोन चटकन बाजूला सारता येतात. एक, घोडा. युरोपच्या चित्रकारांनी घोड्यावरून कोसळणारा पौल इतक्यांदा रंगवला, की तो घोडा कुठे लिहिलेलाच नाही हे ध्यानात येत नाही. यरुशलेम ते दिमिष्क हे अंतर सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास, पायी आठवडाभराचं. सोबत्यांनी त्याला हाताला धरून गावात नेलं, एवढंच पुस्तक सांगतं. दोन, नाव. शौलाचा पौल त्या प्रकाशात झाला नाही. 'कृत्ये'च्या तेराव्या अध्यायात, कुप्र (सायप्रस) बेटावर, 'शौल, ज्याला पौलही म्हणत' असा सहज उल्लेख येतो. घरचं एक नाव आणि रोमी जगासाठी दुसरं, ही परदेशी राहणाऱ्या यहुद्यांची सर्रास रीत होती.

तिसरी चूक मोठी आहे, आणि ती वाचनाच्या क्रमातून होते. लोक आधी 'कृत्ये' वाचतात आणि मग त्या गोष्टीच्या चौकटीत पत्रं बसवतात. क्रम उलटा हवा. पत्रं पौलाची स्वतःची. 'कृत्ये' त्यानंतर काही दशकांनी दुसऱ्याने लिहिलेलं. बहुतेक अभ्यासक सात पत्रं निर्विवाद त्याची मानतात: रोम, करिंथ (दोन्ही), गलती, फिलिप्पै, थेस्सलनीका (पहिलं) आणि फिलेमोन. गलतीकरांस पत्र सहा अध्यायांचं आहे. ते एका बैठकीत, मोठ्याने वाचावं. तेव्हाही पत्र मंडळीसमोर वाचूनच दाखवलं जाई. मग फिलिप्पैचा तिसरा अध्याय, करिंथच्या पहिल्या पत्राचे नववा आणि पंधरावा, आणि दुसऱ्याचा अकरावा. या सगळ्यांत ना रस्त्यावरचं कोसळणं सापडतं, ना आंधळेपण, ना हनन्या. तो एवढंच म्हणतो, की मी प्रभूला पाहिलं. सगळ्यांत शेवटी, अकाली जन्मलेल्यासारखा जो मी, त्या मलाही तो दिसला. आणि त्याआधी मी मंडळीचा छळ करत होतो.

यानंतर 'कृत्ये'तले नऊ, बावीस आणि सव्वीस हे तीन अध्याय एकाशेजारी एक ठेवून वाचावेत. नवव्यात सोबत्यांना आवाज ऐकू येतो पण कोणी दिसत नाही. बाविसाव्यात त्यांना प्रकाश दिसतो पण आवाज ऐकू येत नाही. सव्विसाव्यात सगळेच जमिनीवर पडतात. बाविसावा यरुशलेममधल्या यहुदी जमावासमोर आहे, म्हणून तिथे हनन्या नियमशास्त्र काटेकोर पाळणारा, यहुद्यांत नाव असलेला माणूस म्हणून येतो. सव्विसावा अग्रिप्पा राजा आणि रोमी सुभेदार फेस्त यांच्यासमोर आहे. तिथे हनन्या नाही, आंधळेपणही नाही, कामगिरी थेट रस्त्यावरच सोपवली जाते. या फरकांनी घाबरून त्यांची ओढूनताणून एकवाक्यता करू नये. श्रोता बदलला की सांगणारा काय पुढे आणतो आणि काय मागे ठेवतो, हे पाहायला इतकी चांगली जागा दुसरी नाही.

सव्विसाव्या अध्यायातच ते वाक्य आहे: पराणीवर लाथ मारणं तुला कठीण. मराठी बायबलात इथे 'पराणी' हा शब्द आल्याने शेतीच्या माणसाला टीप वाचावी लागत नाही. औताचा बैल टोचणीमुळे चिडून मागे लाथ झाडतो आणि आर आणखी खोल जाते. ही मुळात ग्रीक म्हण, देवाशी झुंजण्याच्या व्यर्थपणाबद्दलची. पुष्कळ प्रवचनांत तिचा अर्थ असा लावतात, की शौलाचं मन त्याला आधीपासून खात होतं, येशूचा अनुयायी स्तेफन याला दगडांनी मारताना पाहिल्यापासून तो अस्वस्थ होता. पत्रांत याला आधार नाही. फिलिप्पैकरांना तो स्वच्छ सांगतो, की नियमशास्त्रातल्या नीतिमत्त्वाच्या बाबतीत मी निर्दोष होतो. छळाचं दुःख त्याला नंतर झालं. अपराधी मनाने रात्र रात्र तळमळणारा आणि मग क्षमेने मोकळा झालेला पौल हा मुख्यतः ऑगस्टीन आणि लूथर या नंतरच्या ख्रिस्ती विचारवंतांच्या अनुभवातून घडलेला आहे. त्यांचा अनुभव खरा होता. तो पौलाचा नव्हता.

मग काय घडलं? छळ करणाऱ्या शौलाचं म्हणणं समजून घेतलं तर बरंच उलगडतं. 'अनुवाद'च्या एकविसाव्या अध्यायात म्हटलं आहे, की झाडावर टांगलेला माणूस देवाने शापलेला असतो. वधस्तंभावर मेलेला माणूस मसीहा, म्हणजे देवाने वचन दिलेला राजा, कसा असेल? हा वाद किरकोळ नव्हता, देवाच्या शब्दाचा होता. आणि मग त्याला तोच माणूस जिवंत दिसला. देवाने त्यालाच उठवलं असेल, तर शेवटचा काळ सुरू झाला आहे. संदेष्ट्यांनी सांगितलं होतं, की त्या काळी राष्ट्रं, म्हणजे यहुदी नसलेले लोक, आपली दैवतं टाकून इस्राएलाच्या देवाकडे येतील. राष्ट्रं म्हणूनच येतील. त्यांनी आधी सुंता करून यहुदी व्हायचं ठरवलं, तर ती राष्ट्रं उरलीच नाहीत, आणि भविष्यवाणी फोल ठरली. परराष्ट्रीयांना सुंता नको हा पौलाचा हट्ट इथून येतो. रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो विचारतो, देव फक्त यहुद्यांचा आहे का? आणि उत्तर देतो ते यहुद्यांच्या रोजच्या प्रार्थनेतल्या शब्दांनी: देव एकच आहे. सुंता हवीच म्हणणाऱ्यांना त्याने घरातल्याच सगळ्यांत जुन्या वाक्याने उत्तर दिलं.

हा सगळा अर्थ तीन दिवसांत उमगला असं मानायचं कारण नाही. काळाचा हिशेब बऱ्यापैकी जुळवता येतो. डेल्फीच्या एका शिलालेखात क्लौद्य सम्राटाने गल्लियो या प्रांताधिकाऱ्याचा उल्लेख केला आहे, त्यावरून गल्लियो अखया प्रांतात 51-52च्या सुमारास होता हे कळतं. 'कृत्ये' म्हणतं, त्याच्यासमोर पौलाला उभं केलं गेलं, आणि पौल करिंथात दीड वर्ष राहिला. मागे मोजत जायचं. गलतीकरांना तो सांगतो, की मी लगेच कुणाचा सल्ला घेतला नाही, अरबस्थानात गेलो, दिमिष्काला परतलो. तीन वर्षांनी यरुशलेमात केफाकडे, म्हणजे येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे, पंधरा दिवस राहिलो. पुढे चौदा वर्षांनी पुन्हा गेलो. दिमिष्कातून तो पळाला तेव्हा शेजारच्या नबाती राज्याचा राजा अरीतास याचा अधिकारी शहरावर पहारा ठेवून होता, आणि कोटाच्या खिडकीतून पाटीत बसवून त्याला खाली सोडलं गेलं. हा अरीतास 40च्या सुमारास वारला. इथे जपून राहावं लागतं, कारण अर्धवट वर्षही पूर्ण मोजायची तेव्हाची रीत होती, आणि ती चौदा वर्षं पाचारणापासून धरायची की पहिल्या भेटीपासून, हे वाक्यावरून पक्कं ठरत नाही. तरी पाचारण 33 ते 36च्या दरम्यान येतं. हाती असलेलं त्याचं सर्वांत जुनं पत्र, थेस्सलनीकाकरांस पहिलं, 50च्या आसपासचं. म्हणजे तो प्रकाश आणि आपल्याला वाचता येणारा पहिला शब्द यांच्यामध्ये सुमारे पंधरा वर्षं आहेत.

त्या वर्षांतला निर्णायक प्रसंग जेवणाच्या पंगतीवर घडला. अंत्युखियात यहुदी आणि परराष्ट्रीय एकत्र जेवत. पेत्रही त्यांच्यात बसत असे. मग यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडून काही माणसं आली आणि पेत्र हळूहळू मागे सरला. त्याच्यामागे इतर यहुदी. शेवटी पौलाचा जिवाभावाचा सोबती बर्णबादेखील. पौलाने पेत्राला सगळ्यांसमोर तोंडावर सुनावलं. 'माणूस नियमशास्त्राच्या कर्मांनी नीतिमान ठरत नाही' हे त्याचं सर्वांत गाजलेलं वाक्य गलतीकरांस पत्रात याच हकिकतीला लागून येतं. कोणाच्या पंगतीला कोण बसणार, हा प्रश्न कळण्यासाठी मराठी वाचकाला ग्रीक यायची गरज नाही.

मात्र त्याच वाक्यातल्या 'कर्म' या शब्दाने मराठीत हमखास घोटाळा होतो. आपल्याला कर्मसिद्धांत ऐकू येतो, कर्मकांड ऐकू येतं, किंवा 'सत्कर्मांचा काही उपयोग नाही' असं ऐकू येतं. पौलाच्या डोळ्यांसमोर त्या वेळी सुंता, खाण्यापिण्याचे नियम, सणवार या खुणा होत्या. एका माणसाला दुसऱ्यापासून वेगळं काढणाऱ्या. 'विश्वास' या शब्दाचंही तसंच. ग्रीक 'पिस्तिस'मध्ये विश्वास आणि निष्ठा दोन्ही येतात. त्यामुळे 'ख्रिस्तावरच्या विश्वासाने' की 'ख्रिस्ताच्या निष्ठेने', हा वाद अभ्यासकांत अजून मिटलेला नाही. मराठीत 'एकनिष्ठ' म्हणताना आपण जे म्हणतो, ते पौलाच्या शब्दाला 'विश्वासा'पेक्षा पुष्कळदा जवळचं आहे. आणि 'कृपा'. अभंग ऐकत वाढलेल्या कानाला हा शब्द ओळखीचा, म्हणून तो फार लवकर समजल्यासारखा वाटतो. ग्रीक 'खारिस' म्हणजे देणगीही, आणि ती घेतल्यावर अंगावर येणारं देणंही. यरुशलेममधल्या गरिबांसाठी जमवलेल्या पैशालाही पौल हाच शब्द लावतो.

करिंथकरांस पत्रं वाचताना वेगळा खड्डा आहे. त्या काळच्या ग्रीक लिखाणात अवतरणचिन्हं नसत. पौल समोरच्यांची वाक्यं उचलतो आणि मग त्यांना उत्तर देतो. 'मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे' हे करिंथकरांचं घोषवाक्य. 'पण सर्व हितकारक नाहीत' हे पौलाचं. सातव्या अध्यायाच्या आरंभी 'पुरुषाने स्त्रीला न शिवणं बरं' हेही त्यांच्या पत्रातलं असावं, कारण तो आधीच म्हणतो, 'तुम्ही जे लिहिलंत त्याविषयी'. चिन्ह नसल्यामुळे प्रश्न हाच उपदेश म्हणून वाचला गेला, आणि त्यातून किती आयुष्यं करपली असतील याचा विचार अस्वस्थ करतो. 'स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं' ही पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायातली ओळही अशीच तपासून घ्यावी: तीन अध्याय आधी पौल स्त्रियांनी मंडळीत प्रार्थना करावी, संदेश द्यावा हे गृहीत धरतो, आणि काही हस्तलिखितांत हा मजकूर अध्यायाच्या शेवटी सरकलेला आहे. रोमकरांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात तो फिबीची शिफारस करतो, प्रिस्किल्लाचं नाव तिच्या नवऱ्याच्या आधी घेतो, आणि प्रेषितांमध्ये नामांकित अशा युनियाला सलाम सांगतो. पुढे काही आवृत्त्यांनी या युनियाचा पुरुष करून टाकला.

माझ्या मांडणीला न जुमानणारं वाक्यही आहे, आणि ते लपवणं अप्रामाणिकपणाचं होईल. फिलिप्पैकरांना पौल आपलं कुळ, वंश, परूशीपण (नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातलं असणं), निर्दोषपण सगळं मोजून दाखवतो आणि म्हणतो, ख्रिस्तापुढे मी हे सारं केरकचरा मानतो. शब्द कडक आहे. पण तुलना कशाशी आहे तेही पाहावं. ज्या गोष्टी त्याच्या लेखी लाभाच्या होत्या त्यांचीच तो यादी करतो. निरुपयोगी गोष्टींचा असा हिशेब कोणी मांडत नाही.

आणि यापेक्षा पक्कं उत्तर रोमकरांस पत्राच्या नवव्या ते अकराव्या अध्यायांत आहे. तिथे जैतुनाच्या कलमाचा दृष्टान्त येतो. कोकणात हापूसचं कलम बांधतात तेव्हा खुंट रायवळ आंब्याचा आणि काडी हापूसची. फळ काडीच्या जातीचं येतं. पौल नेमकं उलटं सांगतो. झाड लागवडीचं, इस्राएलाचं. काडी रानजैतुनाची, परराष्ट्रीयांची. आणि रानकाडीला मुळाचा सत्त्वरस मिळतो. शहरात वाढलेल्या पौलाला शेतीतलं कळत नव्हतं, असं यावर म्हटलं जातं. पण तो स्वतःच 'निसर्गाविरुद्ध' असं लिहून ठेवतो. उलट बांधणी त्याला ठाऊक आहे आणि जोर तिच्यावरच आहे. फांद्या मोडल्या म्हणून तू फुशारकी मारू नकोस, तो परराष्ट्रीय वाचकाला बजावतो. मुळाला तू उचलून धरलेलं नाहीस, मूळ तुला धरून आहे. मोडलेल्या फांद्या पुन्हा त्याच झाडावर बांधता येतील. पुढच्या शतकांत ख्रिस्ती युरोपने यहुद्यांशी जे केलं, ते हे तीन अध्याय वगळून पौल वाचल्याशिवाय करता आलं नसतं.

शेवटचा मोठा उद्योग पैशाचा होता. पौल तंबूचं काम करून पोट भरी. करिंथकरांकडून त्याने मोबदला घेतला नाही, आणि त्याचाही त्यांना राग आला. पण यरुशलेममधल्या गरिबांसाठी त्याने मासेदोनिया आणि अखया इथल्या मंडळ्यांकडून वर्गणी जमवली. पद्धत त्याने लिहून दिली आहे: आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे घरी बाजूला काढून ठेवावं, म्हणजे मी आल्यावर गोळा करत बसायला नको, रक्कम घेऊन जाणारी माणसं तुम्हीच निवडा. पैशाबद्दल कोणी बोट दाखवू नये याची तो काळजी घेतो. परराष्ट्रीय हे यरुशलेमचं देणं लागतात, असं तो रोमकरांना लिहितो. त्यांनी ते स्वीकारावं म्हणून प्रार्थना करा, असंही. स्वीकारलं की नाही, ते 'कृत्ये' सांगत नाही.

पुस्तक सांगतं ते असं, की याकोबाच्या सूचनेवरून पौल नवस फेडणाऱ्या चार माणसांबरोबर शुद्ध होऊन मंदिरात गेला आणि त्यांच्या मुंडणाचा खर्च त्याने उचलला. तिथे आतल्या अंगणाच्या कठड्यावर ग्रीकमध्ये पाट्या होत्या: परक्याने आत पाऊल टाकलं तर त्याच्या मरणाला तो स्वतः जबाबदार. अशी एक अखंड शिळा 1871 साली यरुशलेमात सापडली. ती आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. पौलाने इफिसच्या त्रफिमाला या कठड्याच्या आत आणलं, अशी आवई उठली. जमावाने त्याला बाहेर ओढलं, रोमी शिपाई धावले, त्याला साखळ्या पडल्या. गढीच्या पायऱ्यांवर उभं राहून त्याने बोलू द्यायची परवानगी मागितली आणि हाताने लोकांना खुणावलं. मग ग्रीक सोडून तो त्यांच्या भाषेत बोलला. बंधूंनो, वडील हो, माझं ऐका, असं म्हणून स्वतःबद्दलचं पहिलंच वाक्य: मी यहुदी आहे. क्रियापद वर्तमानकाळी आहे. त्यानंतर दिमिष्काच्या वाटेची हकिकत सुरू होते.